गोलाईत उजेड

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध देवीचं देऊळ, भोवती १९१७ सालची दुमजली गोल इमारत आणि तिथून चहूकडे फुटलेल्या बाजाराच्या गल्ल्या. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं ही आखणी केली, तेव्हा लातूर निजामाच्या मुलखात होतं आणि बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी गावात येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. काय घ्यायचं ते एकदा ठरलं की गल्ली आपोआप ठरायची. सोन्याची वेगळी, चपलांची वेगळी, मिरचीची वेगळी, गुळाची वेगळी.

औसा रोडकडच्या एका घरातल्या आजीचा या सोळाच्या आकड्यावर भारी जीव. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या मराठवाड्यात महालक्ष्म्या. त्यांच्या नैवेद्याला भाज्या सोळा, दोऱ्याला पदर सोळा. मग गोलाईलाही रस्ते सोळाच असताना इतकी वर्षं आपण आरास म्हणून झुळझुळ पाण्याचं कारंजं आणि कापसाचे डोंगर का करत बसलो, असा प्रश्न तिला यंदा पडला. आजीचे मालक उभी हयात गोलाईतल्या एका आडत दुकानात मुनीम होते. तेव्हा यंदाची आरास गोलाईचीच होणार, आणि सोळाही गल्ल्यांत दिवे लागणार, हे तिनं श्रावणातच जाहीर करून टाकलं.

काम पडलं दोन पोरांवर. एक तिचा नातू. घरात त्याला सगळे दादा म्हणत. अकरावीत, क्लासच्या बॅचमध्ये पहिल्या पाचात. दुसरा मुलीचा मुलगा, कंधारचा. तोही अकरावीत, त्याच क्लासला, त्याच बॅचला. मामाच्या घरी राहून शिकायला आलेला. वडील आजारी पडले आणि त्यात पेरणी निघाली, म्हणून क्लास सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी पोचला.

लातूर पॅटर्नची टिंगल करणं आता सोपं झालंय. मी करणार नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून सुरू झालेल्या त्या रेट्यानं मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरांतली कितीतरी पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे डोळ्यांपुढचं आहे. पण ट्यूशन एरियातल्या बॅचचा एक कायदा आहे. गाडी सुटली की सुटली. मागून आलेल्यानं पळत येऊन डबा धरायचा. कंधारच्या पोराला डबा धरता येईना. दर रविवारी टेस्ट, दर सोमवारी मार्क, आणि दर सोमवारी मामाचं एकच पालुपद : "एकच क्लास, एकच सर, एकच फी. घरात जेवणसुद्धा एकाच कुकरमधलं. तरी हा असा. हा काय उजेड पाडणार!" मामा मनानं वाईट नव्हता. आवाज मात्र त्याचा मोठा होता आणि घर लहान.

गोलाई मात्र दोघांनी मिळून झकास केली. दोन फूट व्यासाची सनबोर्डची गोल चकती. मधलं देऊळ पुठ्ठ्याचं, त्याला शिखर उदबत्तीच्या पुड्याचं. इमारतीच्या कमानी ब्लेडनं कोरून काढल्या त्या भाच्यानं. हात त्याचा स्थिर. दुकानं काडेपेट्यांची. मिरचीच्या गल्लीत आजीनं स्वतः लाल तिखटाचे चिमूटचिमूट ढीग लावले, गुळाच्या गल्लीत खरा गूळ ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्यावर मुंग्यांनाच शिव्या दिल्या.

दिव्यांचं खातं दादाकडे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक एलईडी, खालून चकतीला भोक पाडून वर काढलेला. मिरचीला लाल, गुळाला पिवळा, सराफ्याला पांढरा. चपलांच्या गल्लीला लाल का, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. असे लाल दोन, पिवळे तीन आणि बाकी अकरा पांढरे. वीज म्हणून मोबाईलचा जुना चार्जर. त्याची वायर कापली की आत चार बारीक तारा निघतात. त्यातली लाल म्हणजे प्लस, काळी मायनस, उरलेल्या दोन आपल्या कामाच्या नाहीत. आतल्या जोडणीला लॅनच्या केबलमधल्या तारा. एलईडीचा लांब पाय प्लसला, आखूड मायनसला. सगळे लांब पाय एका तारेवर, सगळे आखूड पाय दुसऱ्या तारेवर, आणि चार्जरकडून येणाऱ्या वाटेवर एकच रेझिस्टन्स. दादानं हिशेब वहीत मांडला होता : चार्जरचे ५ व्होल्ट, पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३, उरले २. सोळा दिव्यांना मिळून १६० मिलिॲम्पिअर. भागाकार साडेबारा. बाजारात १२ ओहमचा मिळतो. दोन वॅटचा जाडजूड आणला की झालं.

जोडण्याआधी भाचा बटनसेल घेऊन बसला. एकेका एलईडीचे पाय सेलच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरायचे, पेटला की वाटीत टाकायचा. सोळाच्या सोळा पेटले. "सगळे चांगले आहेत," तो म्हणाला. दादा कथलाची तार वितळवण्यात गुंतला होता. खोलीभर राळेचा वास सुटलेला.

आवाहनाच्या संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या, मुखवटे बसले, साड्या नेसवून झाल्या, आणि दादानं बटण दाबलं. मिरचीची गल्ली भडकली. चपलांची गल्ली भडकली. गुळाची गल्ली आणि तिच्या दोन सोबतिणी बऱ्यापैकी पिवळ्या झाल्या. बाकी अकरा गल्ल्यांत मिट्ट काळोख. सराफा ठार अंधारात.

"आता गं माय," आजी म्हणाली, "सोन्याच्या दुकानात दरोडा पडला जणू."

दादाचं निदान तयारच होतं. लाल पेटला, पिवळा पेटला, पांढरा एकही पेटला नाही, म्हणजे पांढरा माल खराब. भाचा काहीतरी बोलायला गेला. दादा तोवर गाडीवर बसला होता. दुकानात जाऊन त्यानं तोंड सोडलं. दुकानदारानं मीटर काढून अकराही दिवे एकेक करून पेटवून दाखवले. तरी दादा ऐकेना. सणाचे दिवस, गिऱ्हाइकांची रांग, म्हणून त्या माणसानं जुने अकरा ठेवून घेतले आणि नवे अकरा हातावर ठेवले. दोघा पोरांनी रात्री बारापर्यंत अकरा जोडण्या उखडून पुन्हा केल्या. बटण दाबलं. लाल भडक, पिवळे बरे, सराफा अंधारात.

मग कंटाळून तसंच चालू ठेवून झोपले.

सकाळी मिरचीचा दिवा विझलेला होता. चपलांचा लाल राहिला नव्हता, नारिंगी झाला होता, आणि आजीच्या पहिल्या चहापर्यंत तोही गेला. आता पिवळे तिघं डोळ्यांत खुपतील असे पेटले, आणि पांढऱ्यांमध्ये, खोलीची खिडकी लावून घेतली तर दिसेल इतपत, काहीतरी धुगधुगलं. दादा हुशार होता, हे मी आधीच सांगितलंय. त्यानं पिवळ्या तिघांच्या तारा तोडल्या. तोडल्याबरोबर अकराही पांढरे झळझळीत.

"सापडलं!" तो ओरडला. "लाल-पिवळे खाऊन टाकत होते सगळं. काढूनच टाकू. सोळाही पांढरे लावतो."

आजी पुरण वाटत होती. पाट्यावरून उठलीसुद्धा नाही. "मिरची न्हाई, गूळ न्हाई, आन् म्हणे गोलाई! सराफ्यात जाऊन पोट भरतंय व्हय तुझं? तुझा आजा मिरचीच्या पोत्यांवर शिंकत शिंकत जगला. लाल लावायचा म्हणजे लावायचा."

दुपारी बायका हळदीकुंकवाला येणार. मामानं स्कूटर काढली. मागे भाचा, त्याच्या मांडीवर दोन फुटांची गोलाई, त्याच्यामागे कसाबसा दादा. गेले ते चाचांकडे.

चाचा पूर्वी रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, आता बंद पडलेले एलईडी बल्ब. काम कमी झालेलं नाही, पैसे कमी झालेत, असं ते स्वतःच सांगतात. दुकानाच्या फळीवर अजून दोन जुने रेडिओ आहेत. त्यातल्या एकाचा लाल ठिपका चालू असतो. लाल एलईडी फार जुना. जनरल इलेक्ट्रिकच्या निक होलोन्याक यांनी १९६२ सालीच तो पेटवून दाखवला होता. पांढऱ्याला मात्र जगात यायला आणखी तीसेक वर्षं लागली, कारण पांढऱ्याच्या पोटात निळा असतो आणि झगझगीत निळा कुणाला जमत नव्हता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी तो जमवला, त्याबद्दल त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते, म्हणून व्होल्टही जास्त. लाल दोनाच्या आसपास पेटतो. निळ्याला, आणि म्हणून पांढऱ्याला, तीनाच्या आसपास लागतात. नोबेलबद्दल चाचांना काही ठाऊक नव्हतं. दोन आणि तीन मात्र पक्के ठाऊक होते.

त्यांनी गोलाई हातात घेतली ती थेट उलटी केली. वरच्या कमानी, देऊळ, तिखटाचे ढीग, कशाकडे बघितलं नाही. तिखट त्यांच्या टेबलावर सांडलं. त्या जाड रेझिस्टन्सला बोट लावून बघितलं.

"एकच?"

"एकच," दादा म्हणाला. "मी हिशेब केलाय चाचा. पाचातून तीन गेले—"

"हिशेब बरोबर आहे बेटा. सगळे सारखे असते तर."

चाचांनी आपल्या डबीतला एक लाल एलईडी मिरचीच्या जागी नुसता टेकवला आणि मीटरच्या दोन टोकांनी दोन तारा धरल्या. पांढरे फटकन् गेले. मीटरवर आकडा आला २.४. लाल काढला. पांढरे पेटले, आकडा सरकून ३.१ वर गेला. पुन्हा लाल टेकवला, पुन्हा अंधार, पुन्हा २.४. तीन-चार वेळा त्यांनी तसं केलं, मामाकडे बघत. "लाइनीवर अडीचसुद्धा नाहीत. पांढऱ्याला तीन पाहिजेत. तो कसा पेटणार? तो खराब नाही साहेब, त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही."

"म्हणजे दोष या लालचा," मामा म्हणाला.

"लालनं काय केलं? त्याची भूकच दोनाची. सोळांचा करंट तुम्ही त्या दोघांच्या गळ्यात घातला. एलईडीला पुरे म्हणता येत नाही, जातच तशी. जितकं द्याल तितकं घेतो आणि जळून मरतो. पुरे म्हणायला हा असतो," असं म्हणून त्यांनी रेझिस्टन्सवर टिचकी मारली. "आणि तो तुम्ही सगळ्यांत मिळून एकच आणला. अरे, पांढरे पांढरेसुद्धा एकमेकांसारखे नसतात. उन्नीस-बीस असतोच. ज्याला त्याला आपापला लावावा."

मामा जरा गप्प बसला. मग म्हणाला, "आम्ही तर पांढरे खराब म्हणून दुकानदाराला परत केले."

"एकटे लावून बघितले होते का आधी?"

"बटनसेलवर सगळे पेटले होते," भाचा म्हणाला. दुकानात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "मी सांगितलं होतं."

"कुणाला?"

भाचा गोलाईकडे बघत राहिला. दादाच म्हणाला, "मला."

चाचांनी कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं. पांढऱ्याला १५० ओहम, लाल-पिवळ्याला २२०. दादाचं डोकं तोवर पुन्हा चालू झालं होतं. सगळ्यांना सारखाच १५० लावला तर? एकाच मापाचे सोळा घेता येतील. चाचा म्हणाले, लाव की, पेटतील सगळे. पण लालला वीस मिलिॲम्पिअर जातील आणि पांढऱ्याला बारा-तेरा, मग तुझी मिरची पुन्हा सराफ्याच्या डोळ्यांत जाणार. वेगवेगळे लावलेस तर दोघांनाही तेरा-तेरा. वरून सारखं दिसायला पाहिजे ना? पैसे विचारले तर म्हणाले, मीटर लावायचे कसले पैसे. तिखट मात्र झाडून जा.

परतताना मामानं स्कूटर आधी त्या दुकानदारापुढे उभी केली आणि दादाला एकट्यालाच आत पाठवलं. आत काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही. दादा दोन लाल दिवे आणि सोळा रेझिस्टन्स घेऊन आला, कान लाल. रेझिस्टन्सच्या पुडीला वीस रुपयेही पडले नव्हते.

पुढचं काम रटाळ होतं आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. तपकिरी-हिरवा-तपकिरी पट्टे म्हणजे १५०, लाल-लाल-तपकिरी म्हणजे २२०. प्रत्येक लांब पायाला एक जोड, त्यावर प्लास्टिकची नळी सरकव, एक जोडून झाला की पेटवून बघ, मगच पुढचा. या वेळी पेटवून बघायचं काम भाच्याचं होतं, आणि त्यानं "हं" म्हटल्याशिवाय दादा पुढच्याला हात लावत नव्हता. सातव्याला तो "हं" म्हणाला नाही. पाय उलटे लागले होते. सरळ केले.

चारला बायका यायला लागल्या तेव्हा सोळाही गल्ल्या लागलेल्या होत्या. मिरचीही, सराफाही. हळदीकुंकू लावून घेत एकेक बाई गोलाईपुढे वाकायची आणि आपल्या माहेरच्या माणसाचं दुकान कुठल्या गल्लीत ते बोटानं दाखवायची. आजी प्रत्येकीला आपल्या मालकांचं आडत दुकान दाखवत होती, आणि दर वेळी वेगळ्या काडेपेटीवर बोट ठेवत होती.

रात्री पंगती उठल्यावर मामा भाच्याशेजारी येऊन बसला. पानात उरलेली अर्धी पुरणपोळी होती, ती मोडत बसला. सोमवार नव्हता, तरी पोरगं सावरून बसलं.

"तुला नेमकं कुठं अडतंय रे?" मामानं विचारलं.

पोराला वाटलं, हेही बोलणंच आहे. त्यानं उत्तर दिलं नाही. मामानं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज उतरवून.

"मोल," तो म्हणाला.

"काय?"

"केमिस्ट्रीतला मोल. मी यायच्या आधीच शिकवून झाला होता. नंतर सगळं त्याच्यावरच आहे. सर म्हणतात, हे झालंय, पुढं चला."

"सोपंय की," आतून दादा एका दमात म्हणाला, "सहा पूर्णांक शून्य बावीस गुणिले दहाचा तेविसावा घात. अव्होगाड्रो नंबर."

"ते मला पाठ आहे," भाचा म्हणाला. "पण म्हणजे काय?"

दादा थांबला. मामानं त्याच्याकडे बघितलं, मग मामीकडे. मामी बी.ए. मराठी. मामाचं शिक्षण कॉमर्स. आजी म्हणाली, "मोल म्हणजे किंमत, त्यात काय एवढं," आणि उरलेल्या आमटीला उकळी द्यायला उठली.

वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायची. नीट दुसऱ्यांदा देत होती. मामीनं जिन्यातून हाक मारली, नैवेद्याचं ताट घ्यायला ये म्हणून, आणि ती आल्यावर ताट बाजूला ठेवून तिच्यापुढं हे प्रकरण ठेवलं. मुलीनं भाच्याची वही घेतली, दोन पानं चाळली आणि मिटून ठेवली.

"अणुभार कळतो?"

"थोडाथोडा."

"कार्बनचा बारा म्हणजे कशाच्या बारापट, सांगता येईल?"

भाचा विचार करायला लागला. त्याला वेळ लागत होता. मामा काहीतरी बोलणार होता, पण मामीनं डोळे मोठे केले.

"नाही," शेवटी तो म्हणाला.

"बरं. मग तिथून धरू," ती म्हणाली आणि पेन शोधायला लागली. दादानं आपल्या खिशातला काढून दिला. आणि मग, कुणी बोलावलेलं नसताना, स्वतःची खुर्चीही ओढून घेतली. पाठ त्यालाही होतंच.